ओढ्याची खुर्ची

लॉन्ड्रीवालीने चादर टेबलावर अशी झटकली, की चहाचे कप बशीतल्या बशीत दचकले.

"बघा," ती म्हणाली. "डोळे भरून बघा. कुठला रंग दिसतोय?"

रंगाच्या कारखान्यात हा प्रश्न कुणी विचारू नये. धाकट्याने चष्मा कपाळावर चढवला, चादरीचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "गुलाबी. पण काय सुरेख बसलाय हो! कुठे डाग नाही, कुठे फिका नाही. आम्हाला लोकरीवर इतका सारखा जमत नाही."

"हॉस्पिटलची चादर आहे ती! पांढरी होती!" लॉन्ड्रीवालीने चादर त्याच्या हातातून ओढली. "मोठ्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या माहीत आहे? पेशंट शुद्धीवर येतो, अंगाखाली बघतो आणि परत बेशुद्ध पडतो. आता आणखी एक गठ्ठा जरी गुलाबी गेला, तरी काम दुसरीकडे देणार आहेत. हॉस्पिटल गेलं तर माझ्या लॉन्ड्रीत उरतं काय? वकिलाचे डगले आणि खानावळीची हातपुसणी. त्यावर पोटं भरतात होय?"

तिने चादरीची घडी घातली. राग कितीही असला तरी घडी मात्र कडेला कड लावून घातली, हाताची सवय. मग दारातून वळून म्हणाली, "तुम्ही लाल रंगवता आणि शरम आम्हाला येते," आणि गेली.

कारखाना लोकर रंगवायचा. चढावर कारखाना, उतारावर लॉन्ड्री आणि दोघांना बांधणारा ओढा. ओढा तसा लहानखुरा. वरच्या झाडीतून यायचा, दगडांशी काहीबाही बोलायचा, कारखान्याच्या भिंतीशी आला की जरा दबकायचा, आणि भिंत ओलांडून पुढे गेला की त्याचे कपडे बदललेले असायचे. पिवळ्या दिवशी पिवळे, निळ्या दिवशी निळे. पिवळा-निळा वाटेत विरून जाई. लाल विरत नसे. धाकट्याचा लाल होताच तसा, डाळिंबाचा दाणा उन्हात धरल्यासारखा. एकदा कुणाचा हात धरला की सोडायचा नाही.

आणि तो गोल टेबलाचा कारखाना होता. टेबलाभोवती चार खुर्च्या. एकीत आक्का, सगळ्यांत थोरली, केस पांढरे आणि आवाज शाळेच्या घंटेसारखा. तिच्या शेजारी तिच्या पाठचा भाऊ, ज्याला अख्खा कारखाना नकोबा म्हणायचा, तोंडावरसुद्धा. मग धाकटा, ज्याचे हात कोपरापर्यंत कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचे असत. आणि चौथ्या खुर्चीत, जी पूर्वी आईची होती, तीत धाकट्याची बायको. ती कॉलेजात धंद्याचं शास्त्र शिकवायची, म्हणून मास्तरीण.

नकोबाचं नाव उगाच पडलं नव्हतं. पोरं रडत जन्माला येतात. हा मान हलवत आला, असं आक्का शपथेवर सांगे. नको हा त्याचा विचार नव्हता, श्वास होता. आणि गंमत म्हणजे वाद घालायला त्याला आवडीची बाजू लागत नसे. मिळेल ती बाजू तो घेई. बायकोने आमटी अळणी झाली म्हटलं तर तो आमटीच्या बाजूने भांडे, आणि बरी झाली म्हटलं तर मिठाच्या. हा वकील व्हायचा, असं सगळे म्हणत. त्यालाही आतून तसंच वाटे. पण बाबांनी एकदा तोंडाने सुचवलं, "तू वकील का होत नाहीस?" आणि तो म्हणाला, "नको."

गोल टेबलाचा एक नियम होता. बाबांनी तो टेबलाच्या कडेवर स्वतःच्या हाताने कोरला होता: *गप्प म्हणजे हो नव्हे.*

त्यामागे आईची वांगी होती. कारखाना बांधायचा तेव्हा बाबांनी आईला विचारलं, "तुझ्या भाजीच्या वाफ्यावर बॉयलर बसवला तर चालेल ना?" आई काहीच बोलली नाही. बाबांनी ते हो समजून घेतलं. बॉयलर बसला. मग आई बोलली, आणि पुढचा कितीतरी काळ बोलत राहिली. वांगी, दोडका, कढीपत्त्याचं झाड, एकेकाचं नाव घेऊन. शेवटी बाबांनी पटाशी घेतली आणि टेबलावर हे शब्द कोरले. तेव्हापासून प्रत्येक खुर्चीने तोंडाने हो म्हटल्याशिवाय कारखान्यात काडी हलत नसे.

त्याला जोडून आणखी एक नियम आपोआप पडला. बाबा आजारी पडले, तेव्हा आई त्यांच्या खुर्चीत बसली. दुसऱ्या धुराड्याचा विषय निघाला. आई बाबांच्या खुर्चीतून म्हणाली, "हो." मग उठली, आपल्या खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, "मुळीच नाही." ती अख्खी दुपार आई दोन खुर्च्यांमध्ये स्वतःशीच भांडली, आणि दुसरं धुराडं झालं नाही. त्या दिवशी ठरलं की खुर्ची बोलते. माणूस फक्त तिला तोंड देतो.

लॉन्ड्रीवाली गेल्यावर या टेबलावर पुन्हा चहा ओतला गेला.

"लोक काय म्हणतील?" आक्का म्हणाली.

"लोकांचं काय आहे?" नकोबा म्हणाला. "कारखाना कुणाचा? आपला. बाबांनी घातला, आपण चालवतो. आपलं भलं बघायचं, खालच्यांनी आपलं बघावं."

"लाल बंद करा म्हणू नका हं कुणी," धाकटा रंगीत हात मागे लपवत म्हणाला. "तो लाल या ओढ्याच्या पाण्याशिवाय चढत नाही. मी नळाचं पाणी घेऊन पाहिलंय, विटकरी येतो. आपल्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असं एवढंच तर आहे. ओढा खराब झाला की लाल गेला."

मास्तरीण तिघांकडे आळीपाळीने बघत होती. तिचा चेहरा हळूहळू असा उजळला, जसा भाजीवालीने वजन करून वर एक मिरची टाकल्यावर उजळतो.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?" ती म्हणाली. "माझा अख्खा प्रबंध बोलताय!"

सगळ्यांनी कप खाली ठेवले. मास्तरणीचा प्रबंध धंद्याचे सिद्धांत आणि धंद्याची शाश्वतता यांच्या नात्यावर होता, आणि तो इतकी वर्षं चालला होता की तिची मुलगी त्याला आपलं थोरलं भावंड समजे.

"भाऊजी म्हणतात धंदा मालकाचा. हा एक सिद्धांत. आक्का म्हणतात लोक काय म्हणतील. त्याला आम्ही वैधतेचा सिद्धांत म्हणतो. समाजाने मान डोलावली तरच धंदा टिकतो."

"ऐक," आक्का नकोबाला म्हणाली. "मी जन्मभर सिद्धांत बोलत होते आणि तू म्हणायचास बडबड."

"आणि हे," मास्तरणीने नवऱ्याकडे हात केला, "हे म्हणतात आपली ताकद त्या पाण्यात आहे. तो तिसरा, साधनांचा सिद्धांत."

"मी?" धाकटा म्हणाला. "मी तर लालबद्दल बोलत होतो."

"शाश्वत म्हणजे न संपणारं ना?" नकोबाने विचारलं. "मग मास्तरीणबाई, तुमचा प्रबंध पुरेपूर शाश्वत आहे."

मास्तरीण हसली नाही. ती आता ओघात होती. "आणि चौथा सिद्धांत सांगतो की धंदा ज्याच्या ज्याच्या अंगाला लागतो, त्या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. हितधारक म्हणतात त्यांना. कामगार, गिऱ्हाईक, शेजारी, आणि हा ओढासुद्धा. सगळ्यांत जास्त तोच अंगाला लावून घेतो. मग त्याला या टेबलाशी खुर्ची का नको?"

तिचं मनातलं गणित सरळ होतं. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत पायऱ्यांसारखी उतरती तळी खणायची. पहिल्यात रंगाचा गाळ बसेल, दुसऱ्यातली खडी पाणी गाळेल, शेवटच्या तळ्यात पाणकणसं लावायची, ती उरलासुरला रंग पिऊन टाकतील आणि ओढ्याला ओढ्याचं पाणी परत मिळेल. तिने तसं दुसरीकडे पाहिलं होतं. पण त्या जागेवर नकोबाला गोदाम हवं होतं, म्हणून तळ्यांचं नाव निघालं की नकोबा नको म्हणायचा. समोर ओढ्याची खुर्ची असेल तर त्याला जरा तरी लाज वाटेल, असं तिला वाटलं.

"ओढ्याला खुर्ची," आक्का म्हणाली. "माझं हो. लोकांना आवडेल."

"माझं हो," धाकटा म्हणाला.

सगळ्यांनी नकोबाकडे पाहिलं. नकोबाने खिडकीतून ओढ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, टेबलाच्या कडेवर कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हो," तो म्हणाला.

आक्काच्या हातातला चमचा खाली पडला.

*

हा हो कशासाठी होता, ते कळलं पुढच्याच बैठकीत. ओढ्यासाठी सागवानी खुर्ची आणली होती, पाठ उंच, हात वळणदार. ती खिडकीकडे तोंड करून ठेवली. धाकट्याने तिच्यावर स्वतः रंगवलेल्या निळ्या लोकरीची गादीही घातली. मास्तरणीने उभं राहून तळ्यांचा विषय मांडला. सुंदर मांडला. पाणकणसांवर ती बोलली तेव्हा आक्काला उगाच गहिवरून आलं.

"माझं हो," आक्का म्हणाली.

"माझंही," धाकटा म्हणाला.

"माझं तर आहेच," मास्तरीण म्हणाली. "भाऊजी?"

नकोबा आरामात मागे टेकला. त्याच्या चेहऱ्यावर लोणी वितळत होतं. "माझं राहू दे. आधी पाहुण्यांना विचारा." आणि त्याने सागवानी खुर्चीकडे अदबीने हात केला. "काय ओढेराव, तळी खणायची का?"

खिडकीबाहेर ओढा खळखळला, पण ती त्याची रोजचीच खळखळ होती. खुर्ची गप्प होती.

"गप्प म्हणजे?" नकोबाने विचारलं.

 उत्तर टेबलाच्या कडेवर होतंच.

मास्तरीण हळूच खाली बसली. आपण केवढा मोठा बोळा कुठल्या नळीत घातला, ते तिच्या लक्षात आलं. ओढा हो म्हणणार नाही, म्हणून तळी नाहीत. ओढा हो म्हणणार नाही, म्हणून खुर्ची काढताही येणार नाही. जुनं जे ठरलेलं होतं ते मात्र चालूच राहणार, आणि जुन्यात लाल होता.

नव्याला मज्जाव झाला तसा कारखाना हळूहळू विटत गेला. संडासाची कडी तुटली. नवी कडी हा नवा विषय, म्हणून आत जाणारा माणूस गाणं म्हणत बसू लागला. सुरांवरून आत कोण आहे ते ओळखू येई. चहाची किटली गळायला लागली. फाटकाचं बिजागर असं करकरायला लागलं की पोस्टमन भिंतीवरून पत्रं टाकून पळे. लोकरीच्या लडी गुंडाळणाऱ्या बायका जात्याच गाण्याच्या; त्यांनी यावरही एक ओळ बांधली आणि चाकांच्या घरघरीवर दिवसभर म्हणू लागल्या:

*ओढ्या रे ओढ्या, तुझी खुर्ची सागवानी,*
*बसायला वेळ कुठं, वाहून गेलं पाणी.*

नकोबा खूश होता. आता त्याला नको म्हणायचेसुद्धा कष्ट नव्हते. घरी गेल्यावर तो पाय पसरून बायकोला सांगे, "एक शब्द न बोलता जिंकतोय."

"मग आपल्याकडेही एक खुर्ची ठेवा," त्याची बायको भांडी आवरत म्हणे. "न बोलता मी तरी कधी जिंकेन?"

लॉन्ड्रीवाली मात्र खूश नव्हती. धाकट्याने भेटून तिला चोरट्या आवाजात सांगितलं होतं की या आठवड्यात मोठी लाल ऑर्डर आहे, सगळे हौद लाल भरणार. आणि याच आठवड्यात हॉस्पिटलच्या चादरी धुवायला यायच्या होत्या.

"मग थांबवा ना," ती म्हणाली.

"थांबवायला हो लागतो."

"कुणाचा?"

"ओढ्याचा."

तिने धाकट्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

*

बैठकीच्या दिवशी नकोबा नेहमीप्रमाणे आला, नेहमीप्रमाणे आपल्या खुर्चीत धपकन बसला, आणि खुर्चीचा मागचा पाय मोडला. खुर्ची म्हातारी होती. इतकी वर्षं तिच्यावर बसून नको म्हणताना तो जो मागे रेलायचा, त्या रेलण्याने तिचा जीव कधीचा टांगणीला लागला होता.

"सुताराला बोलवा," नकोबा जमिनीवरून म्हणाला.

"नवा विषय," आक्का म्हणाली. तिच्या आवाजात घंटेच्या आतलं हसू होतं. "ठेवू का टेबलावर? माझं हो. ओढ्याचं काय म्हणणं?"

ओढ्याचं काही म्हणणं नव्हतं.

नकोबाला कंबरेचा त्रास होता. उभं राहिलं की कंबर, स्टुलावर बसलं की पाठ. त्याने खोलीभर नजर फिरवली. टेबलाशी एकच खुर्ची रिकामी होती. पाठ उंच, हात वळणदार, वर मऊ निळी गादी. तो लंगडत गेला आणि हुश्श करून तीत बसला. कंबरेला एवढं बरं वाटलं, की त्याने डोळे मिटले.

उघडले तेव्हा तिघं त्याच्याकडे बघत होती.

"काय?"

"खुर्ची बोलते," मास्तरीण म्हणाली. ते तिने इतक्या हळू म्हटलं, जसं झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं. "भाऊजी, तुम्ही ओढा आहात."

"काहीतरीच!"

"आई दोन खुर्च्यांवर बसली होती," आक्का म्हणाली. "तेव्हा तूच टाळ्या वाजवत होतास."

नकोबा विचारात पडला. उठावं तर कंबर. बसावं तर ओढा. मग त्याच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. मिळेल ती बाजू घ्यायची त्याची जुनी खोड जागी झाली होती, पण अजून अर्धवट. "बरं. ओढा म्हणतो, मला तळी नकोत, गोदाम हवं."

त्याच क्षणी दार उघडून लॉन्ड्रीवाली आत आली. धाकट्यानेच तिला निरोप धाडला होता. तिने ओढ्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हा ओढा?"

"सध्या," आक्का म्हणाली.

लॉन्ड्रीवालीने कंबरेवर हात ठेवले. "काय हो ओढेबुवा, मी तुमचं काय घोडं मारलंय? जन्मभर तुमच्या काठाला राहिले. आणि तुम्ही माझ्या चादरी गुलाबी करता?"

"मी करतो?" नकोबा ताठ झाला. खोटा आरोप त्याला कधीच सहन होत नसे, मग तो कुणावरही असो. "बाई, नीट चौकशी करून बोला. मी वरून येतो तेव्हा स्वच्छ असतो. तळातला खडा मोजून घ्या, इतका स्वच्छ. मग या भिंतीशी येतो, आणि हे लोक मला न विचारता माझ्यात हौद उपडे करतात. मला कुणी विचारलं होतं?"

"मग तुम्ही गप्प का बसलात?"

"गप्प म्हणजे हो नव्हे!" नकोबाने टेबलावर मूठ आपटली. किटलीतून थेंब उडाले. "इथेच लिहिलंय! माझ्या बापाने... म्हणजे यांच्या बापाने लिहिलंय! बायकोच्या वांग्यांसाठी पटाशी घेतली, आणि माझ्या बाबतीत? मी बोललो नाही म्हणून हो धरून चाललात. मी रोज या खिडकीखाली बोंबलत जातो, ते ऐकू येत नाही?"

सगळ्यांनी खिडकीकडे कान केले. खरंच, खिडकीखालून ओढा बोंबलत जात होता. इतकी वर्षं ते सगळ्यांना खळखळ वाटत आलं होतं.

"पण मालकांचं नुकसान होईल की," मास्तरीण अगदी भोळ्या चेहऱ्याने म्हणाली. "तळी खणली तर गोदाम कुठे बांधायचं? धंदा मालकाचा असतो, असा सिद्धांत आहे."

"कोण मालक?" नकोबाचा आवाज आता कोर्टात घुमावा तसा घुमत होता. "मालकाने कारखाना घातला तो कुणाच्या भरवशावर? नळाच्या पाण्याने तुमचा लाल विटकरी येतो, हे तुमचाच माणूस सांगतो. मी उद्या आटलो तर गोदामात काय भराल, हवा? मी आहे म्हणून हे मालक! आणि तो तुमचा मूर्ख मधला भाऊ, ज्याला गोदाम हवंय, त्याला आणा माझ्यासमोर! कुठे बसतो तो?"

सगळ्यांनी मोडक्या खुर्चीकडे पाहिलं.

नकोबानेही पाहिलं. आपटायला उचललेली मूठ त्याने हळूच मांडीवर ठेवली. लॉन्ड्रीवालीने पदराने तोंड झाकलं, पण खांदे हलत होते ते झाकता आले नाहीत.

"मग ओढ्याचं म्हणणं काय?" आक्काने विचारलं. या वेळी आवाज घंटेसारखा नव्हता. लहानपणी नकोबा तापाने फणफणला की ती ज्या आवाजात विचारायची, तसा होता.

नकोबाने खिडकीबाहेर पाहिलं. दुपारचं ऊन पाण्यावर उतरून आलं होतं आणि दगडादगडाला हात लावत चाललं होतं. याच पाण्यात त्याने लहानपणी कागदाच्या होड्या सोडल्या होत्या. आक्काची होडी पुढे जाते म्हणून तो पाण्याशीसुद्धा भांडला होता.

"तळ्यांना हो," तो म्हणाला. "आणि तळी होईपर्यंत लालला नको."

धाकट्याने डोळे मिटून घेतले. लाल त्याचं पोरच होतं. पण मग तो म्हणाला, "तोवर बदामी आणि करडा काढीन. ऑर्डरवाल्यांना मी समजावतो. लाल पळून जात नाही. पाणी राहिलं तर लाल राहीलच."

"म्हणजे झालं!" मास्तरणीने टाळी वाजवली. "आक्का, हे, मी, ओढा. सगळ्यांचं हो."

"कुठे झालं?" आक्का म्हणाली. "एक खुर्ची गप्प आहे."

मोडकी खुर्ची भिंतीशी तिरपी पडली होती. कुणी तिच्यात बसलेलं नव्हतं. आणि गप्प म्हणजे हो नव्हे.

"सुतार बोलवा," लॉन्ड्रीवाली म्हणाली.

"तो वेगळा विषय. त्यालासुद्धा त्या खुर्चीचा हो लागेल," मास्तरीण म्हणाली आणि तिने कपाळाला हात लावला. चादरींची गाडी निघायच्या बेतात असणार. खाली हौदांखाली जाळ लागलेला होता. "भाऊजी, तुम्हीच..."

नकोबा उठला. एक हात कंबरेवर ठेवून तो भिंतीपर्यंत गेला, मोडकी खुर्ची उचलली आणि टेबलाशी आणून उभी केली. ती तीन पायांवर डुगडुगत होती. धाकटा धरायला धावला.

"नको," नकोबा म्हणाला. "माझी खुर्ची आहे. माझी मी बसतो."

तो बसला. आधी अर्धा, मग पाऊण, मग श्वास रोखून पूर्ण. खुर्चीने कण्हून घेतलं. खोलीत कुणी पापणी हलवली नाही. गोदामाची ती जागा, लोखंडी दारं, थंडगार फरशी, सगळं त्याने कितीदा मनात बांधून पाहिलं होतं. ते सगळं एकदा त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"माझं," तो म्हणाला, स्पष्ट, खणखणीत, टेबलाच्या पलीकडेही ऐकू जाईल असं, "हो."

आणि एवढ्या मोठ्या शब्दाची सवय नसलेली ती खुर्ची त्याच्यासकट खाली कोसळली.

*

हौदांखालचा जाळ त्याच क्षणी काढला गेला. हॉस्पिटलच्या चादरी त्या आठवड्यात इतक्या पांढऱ्या निघाल्या, की डॉक्टरीणबाईंनी काम लॉन्ड्रीवालीकडेच ठेवलं, आणि पडदेही पाठवले. तळी खणली गेली. शेवटच्या तळ्यात पाणकणसं उभी राहिली, तपकिरी, मऊ, वाऱ्यावर मान हलवणारी. ती मान आडवी हलते की उभी, यावर नकोबाने एकदा धाकट्याशी वाद घातला. लाल परत आला. भिंतीच्या पलीकडे ओढा आता आपल्याच कपड्यांत पुढे जाऊ लागला.

नकोबाची खुर्ची सगळ्यांचं हो घेऊन सुताराने दुरुस्त केली, पण नकोबा तीत परतला नाही. गादीला सोकावला, असं आक्का म्हणते. मोकळी खुर्ची रिकामी ठेवता येत नव्हती, नाहीतर परत सगळं गप्प. मग शेजाऱ्यांच्या वतीने तीत लॉन्ड्रीवालीला बसवलं. तिने पहिल्याच दिवशी मागे रेलून खुर्चीचा पाय तपासला, नव्या किटलीचा विषय ऐकला आणि म्हणाली, "नको. जुनीच्या भोकाला डाग द्या, चांगली आहे."

"खुर्चीच तशी आहे," धाकटा बायकोच्या कानात म्हणाला.

"किटलीचं राहू दे," नकोबा सागवानी खुर्चीतून म्हणाला. "बाई, ओढ्याला तुमच्याशी बोलायचंय. तुमच्या लॉन्ड्रीचा साबणाचा फेस खाली कुठे जातो?"

लॉन्ड्रीवालीचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा झाला. "तो... तो विरतो हो वाटेत."

"लालही विरतो, असं काही लोक म्हणायचे."

"खाली कुणी तक्रार केलीय का?"

"खाली रोपवाटिकेवाले आहेत. ते गप्प आहेत." नकोबाने टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं आणि गोड हसला.

मास्तरीण खाली मान घालून हसत होती. तिचा प्रबंध अजून संपलेला नाही. आपल्या परीक्षकांना कुठला सिद्धांत सांगावा, हे तिला ठरवता येत नाही. कुणाचा सिद्धांत खरा, याला तिच्याकडे एकच उत्तर आहे: जो ज्या खुर्चीत बसतो, त्याचा. आणि हे कुठल्या पुस्तकात बसत नाही.

लडी गुंडाळणाऱ्या बायकांना ते बसवावं लागलं नाही. त्यांनी जुन्या ओळीला नवी ओळ जोडली आणि चाकं फिरवत राहिल्या:

*ओढ्या रे ओढ्या, तुला फुटली कशी वाचा?*
*नकोबाच्या घशातनं आवाज येतो पाण्याचा.*

आता बैठकीच्या दिवशी सकाळी नकोबा एकटाच काठावर जातो. चपला काढतो, पाय पाण्यात सोडतो आणि बराच वेळ बसतो. मग ओल्या पावलांनी वर येतो. फरशीवर पावलं उमटत येतात, आणि तो सागवानी खुर्चीत बसतो.

"विचारलंस का?" आक्का चहा पुढे सरकवते. "फाटकाला हिरवा रंग द्यायचा की काळा?"

"विचारलं," नकोबा म्हणतो.

"मग?"

"वाद चाललाय अजून," तो बशीत चहा ओततो. "फार हट्टी आहे हो तो. मी काहीही म्हटलं की पुढेच जातो."